सोंग, ढोंग आणि नियत

२०२१ सालची रमजान ईद आम्ही घरातच केली. करोनाची दुसरी लाट ओसरायची होती, ईदगाहवर जाण्यास मनाई होती. १४ मेच्या सकाळी पालमच्या आमच्या घरात ओसरीवर चटया अंथरून आम्ही सात-आठ जणांनी नमाज अदा केली, एकमेकांना दुरूनच मुबारकबाद दिली आणि शीरखुर्मा घेऊन आपापल्या कोपऱ्यात बसलो. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा कॉलेज बंद असल्यामुळे आमच्याकडेच राहत होता. दुपारी त्याने मामेभावंडांना गोळा केले. ओसरीवर कागद पसरले, पेन्सिली आल्या, आणि मग त्याने खिशातून एक विचित्र फासा काढला. आपला नेहमीचा फासा सहा बाजूंचा असतो. याला वीस बाजू होत्या.

फासा फरशीवर खडखडला आणि आतून अम्मीचा आवाज आला, "क्या रे, ईद के दिन जुआ खेलरे?"

"जुआ नहीं नानी, कहानी खेलरे," भाचा म्हणाला.

मी शाळेत पस्तीस वर्षे मराठी शिकवले. गोष्ट सांगतात, ऐकतात, लिहितात, हे मला ठाऊक होते. गोष्ट खेळतात, हे मी त्या दिवशी प्रथम ऐकले, म्हणून खुर्ची ओढून जवळ बसलो.

खेळ असा होता. एक जण निवेदक. तो एका प्रदेशाचे वर्णन करतो: नदी आहे, तटबंदीचे शहर आहे, वेशीवर पहारेकरी उभा आहे. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होतात. कुणी वैद्य, कुणी चोर, कुणी शिपाई. निवेदक विचारतो, "तुम्ही काय करता?" खेळणारा आपल्या पात्राच्या तोंडून उत्तर देतो. करायचे ते अवघड असेल तर फासा टाकायचा, पडलेल्या दानावर यश-अपयश ठरते. पट नाही, हार-जीत नाही, पैसा तर नाहीच. पाच तास मुले जागची हलली नाहीत.

पहिला प्रश्न अम्मीने उपस्थित केला होता, त्याला बगल देणे बरोबर नव्हते. कुरआनातील सूरह अल-माइदाच्या नव्वदाव्या आयतीत मद्यासोबत जुगाराची मनाई आहे. मुस्लिम शरीफमध्ये नर्द या फाशांच्या खेळाविरुद्ध अतिशय कडक हदीस आहे. तिच्या आधारे बहुतेक फुकहांनी फाशांचा तो खेळ पैसे न लावताही निषिद्ध मानला, काहींनी तो फक्त मकरूह ठरवला. बुद्धिबळाबाबतही असेच मतभेद झाले. इमाम शाफई त्याला नापसंत करीत, पण हराम म्हणत नसत. या मतभेदांतून एक गोष्ट दिसते. आपल्या विद्वानांनी खेळाला कधी क्षुल्लक समजले नाही. माणूस फावल्या वेळात काय करतो, त्यावरून तो घडतो किंवा बिघडतो, हे त्यांनी जाणले होते. अबुल फजलनेही 'आईन-ए-अकबरी'त चौपड, गंजिफा आणि सोळा खेळाडूंच्या चंदल-मंदल या खेळांची माहिती देताना नोंदवले आहे की बादशाहाला या खेळांतून माणसांची पारख करायची असते. डावात माणूस कळतो, असेच त्याचे म्हणणे.

भाच्याने वाद घातला नाही. नानीचे मन राखण्यासाठी त्याने फासा खिशात ठेवला आणि त्याऐवजी चिठ्ठ्या काढल्या. प्रवासाला कोणत्या पत्नीला सोबत न्यावे हे ठरवण्यासाठी पैगंबर साहेब कुरआ म्हणजे चिठ्ठी टाकत, हे अम्मीलाही ठाऊक होते. ती गप्प झाली.

पण रात्री भाच्याने मला जो प्रश्न विचारला तो फाशापेक्षा कठीण होता. "मामू, फाशाचं सोडा. आज मी निवेदक होतो, पण पुण्यात मी एका पुजाऱ्याचं पात्र खेळतो. तो मूर्तीपुढे नैवेद्य ठेवतो. खोटं बोलतो. एकदा त्यानं एका माणसाला दगा दिला. हे सगळं मी बोलतो, माझ्याच तोंडानं. ते पाप माझ्या खात्यावर लिहिलं जातं का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. आजही पूर्ण उत्तर माझ्याजवळ नाही. पण त्या प्रश्नाचा माग काढताना मी ज्या वाटांनी गेलो, त्या वाचकांपुढे ठेवाव्यात असे वाटते.

पहिली वाट मदिनेत जाते. अबू दाऊद यांच्या संग्रहात हजरत आयेशांची एक आठवण आहे. पैगंबर साहेब एका मोहिमेवरून परतले. वाऱ्याने फडताळाचा पडदा सरकला आणि आयेशांच्या बाहुल्या दिसल्या. त्या बाहुल्यांमध्ये चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. पैगंबर साहेबांनी विचारले, हे मध्ये काय आहे? घोडा. आणि त्याच्यावर काय? पंख. घोड्याला पंख? तेव्हा आयेशांनी उलट विचारले की सुलेमानांच्या घोड्यांना पंख होते, हे आपण ऐकले नाही का? पैगंबर साहेब इतके हसले की त्यांच्या दाढा दिसल्या.

ही हदीस मी लहानपणापासून ऐकत आलो, पण बाहुल्या जायज की नाजायज यापुढे तिचा विचार केला नव्हता. आता वाटते, तिच्यातला खरा ऐवज त्या हसण्यात आहे. जगात नसलेला घोडा एका मुलीने चिंध्यांतून उभा केला, त्याच्यासाठी कथेचा आधारही शोधला, आणि ज्यांच्यावर वही उतरत होती त्यांना तो खेळ सत्याशी बेइमानी वाटला नाही. पंखांचा घोडा खोटा होता, पण आयेशा खोटे बोलत नव्हत्या.

दुसरी वाट आपल्याच दख्खनमधली. मोहरमच्या सोंगांची परंपरा आपल्याकडे किती जुनी आहे ते पाहायचे तर जाफर शरीफ यांचा 'कानून-ए-इस्लाम' पाहावा. डॉ. हर्क्लॉट्स यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १८३२ मध्ये लंडनला छापले. दख्खनी मुसलमानांच्या चालीरीतींचे वर्णन करताना त्यात मोहरममध्ये घेतल्या जाणाऱ्या सोंगांची लांबलचक जंत्री दिली आहे. कुणी मजनू होई, कुणी वाघ. माझ्या लहानपणी अंगभर पिवळे-काळे पट्टे रंगवलेले वाघ सवारीपुढे नाचताना मीही पाहिले आहेत. नवसाने मोहरमचे फकीर केलेली, गळ्यात हिरवा-लाल धागा बांधलेली मुले घरोघर फिरत. आलिम मंडळींनी या प्रथेवर टीका केली, ती पूर्णपणे चुकीची होती असेही मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट खरी, की दहा दिवस फकीर झालेल्या सावकाराच्या मुलाला पसरलेल्या हाताला काय वाटते ते ठाऊक होई.

आमच्या गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. तिथे एकनाथांनी भारुडे रचली. सोळाव्या शतकातला हा ब्राह्मण संत भारुडात जोशी होतो, जोगवा मागतो, महार होऊन बोलतो, फकीर होतो. त्यांचा 'हिंदू-तुर्क संवाद' प्रसिद्ध आहे. त्यात दोघे कडाकडा भांडतात आणि शेवटी समेटावर येतात. दोन्ही बाजूंचे बोल एकाच लेखणीतून उतरले आहेत. तुर्काचा मुद्दा तुर्काच्या तोंडी मांडायचा तर एकनाथांना काही ओळींपुरते का होईना, तुर्क व्हावे लागले असणारच. त्याने त्यांचा धर्म बुडाला असे वारकऱ्यांपैकी कुणी म्हटलेले मी ऐकले नाही.

इथवर मला उत्तर सोपे वाटत होते. बुखारी शरीफची पहिलीच हदीस सांगते की कर्माचे मोल नियतवर ठरते. सोंग घेणाऱ्याची नियत फसवण्याची नसते. समोरच्याला ठाऊक असते की हे सोंग आहे. आपल्या भागात येणारा बहुरूपी पोलिसाच्या वेशात दारात उभा राहतो, दरडावतो, आणि शेवटी हसून हात पसरतो. बिदागी मागितली की सोंग संपले. ढोंगी मात्र कधीच बिदागी मागत नाही, कारण त्याला आपला वेश उतरवायचाच नसतो. मी भाच्याला हेच सांगितले. सोंग उघड असते, ढोंग लपलेले असते. कुरआनात मुनाफिकांच्या नावाची एक संपूर्ण सूरह आहे, पण सोंगाड्यांची नाही.

भाचा खूश झाला, आणि त्याने मला आणखी खूश केले. म्हणाला, "मामू, या खेळांतला सगळ्यांत जुन्यांपैकी एक कुणी बनवलाय, माहीत आहे? मुसलमानानं. तोही उर्दूच्या प्रोफेसरानं."

हकीकत अशी. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. पात्र होऊन खेळण्याच्या या प्रकाराची सुरुवात तिथून मानतात. पुढे त्याच्यावर ख्रिस्ती पालकांनी सैतानी म्हणून काहूर माजवले, १९८३ मध्ये त्याच्याविरुद्ध संघटनाही निघाली. आपल्या अम्मीच तेवढ्या घाबरतात असे नाही. त्या पहिल्या खेळानंतर पुढच्याच वर्षी, १९७५ साली, त्याच कंपनीने 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' नावाचा दुसरा खेळ काढला. त्याचे कर्ते मुहम्मद अब्दुर्रहमान बार्कर. जन्म १९२९, वॉशिंग्टन राज्यातले. मूळ नाव फिलिप. अमेरिकेतील आदिवासींच्या क्लॅमथ भाषेचे व्याकरण आणि कोश त्यांनी तयार केला. १९५१ मध्ये ते शिष्यवृत्तीवर भारतात आले आणि इथेच त्यांनी इस्लाम स्वीकारला. पुढे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात आणि मग मिनेसोटा विद्यापीठात शिकवले. परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्यांनी सहकाऱ्यांबरोबर लिहिलेला उर्दूचा अभ्यासक्रम पिढ्यान्पिढ्या वापरला गेला. बलुची भाषेचाही त्यांनी तसाच अभ्यासक्रम केला.

या माणसाने लहानपणापासून मनात एक जग रचले होते. त्याचे नाव टेकुमेल. माणसे दूरच्या भविष्यात त्या ग्रहावर वसली, आणि एका उत्पातात तो ग्रह विश्वापासून तुटून पडला. तेव्हापासून त्याच्या आकाशात एकही तारा नाही. धातू दुर्मीळ, म्हणून शस्त्रे एका जनावराच्या कातड्याची. राजघराणी, देवळे, हजारो वर्षांचा इतिहास, आणि एक अख्खी भाषा, जिच्यात समोरच्याचा दर्जा पाहून 'तू'साठी कितीतरी वेगवेगळे शब्द योजायचे. आपल्या तू, तुम्ही, आपणच्या पुढे कितीतरी पायऱ्या. युरोपातल्या किल्ल्यांवर आणि परीकथांवर उभ्या असलेल्या इतर खेळांपेक्षा हे जग वेगळे होते. त्यात हिंदुस्थान होता, अरबस्तान होता, मेक्सिकोचे जुने लोक होते. खेळ फार खपला नाही, पण जाणकारांनी त्याला डोक्यावर घेतले. स्वतः आर्नेसन बार्कर यांच्या घरी खेळायला जात आणि त्यांना मानत.

हे सारे ऐकून मला काय वाटले ते मी कबूल करतो. छाती फुगली. एखादा मुष्टियोद्धा, एखादा गायक, एखादा शास्त्रज्ञ इस्लाम स्वीकारतो, तेव्हा आपल्याकडे चहाच्या टपरीपासून जलशाच्या व्यासपीठापर्यंत जो आनंद पसरतो, त्यातलाच तो आनंद होता. आपल्या अवतीभवती आपल्याबद्दल इतके वाईट बोलले जाते की कुठेही आपला माणूस चमकला की आपण त्याला उराशी धरतो. मीही बार्करना धरले. चार जणांना सांगितले. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांपुढे त्यांचे नाव घेतले.

मार्च २०२२ मध्ये भाच्याचा पुण्याहून फोन आला. आवाज पडलेला होता. टेकुमेलचा वारसा सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानाने जाहीरपणे मान्य केले होते की १९९१ मध्ये टोपणनावाने निघालेली 'सर्पंट्स वॉक' ही कादंबरी बार्कर यांनीच लिहिली होती. ती कादंबरी नाझींच्या विचारांची आहे, ज्यूंच्या द्वेषाने भरलेली. अमेरिकेतील गोऱ्या वंशवाद्यांच्या प्रकाशनाने ती काढली होती. बार्कर २०१२ मध्येच वारले होते. त्यांना विचारायची सोय नव्हती.

भाच्याने पहिल्या झटक्यात बचाव शोधला, आणि तो बचाव माझाच होता. "मामू, तुम्हीच म्हणाला होतात ना, पात्राचं पाप लेखकाचं नसतं? कादंबरी म्हणजे गोष्टच. त्यांनी नाझीचं सोंग घेतलं असेल."

मला क्षणभर हायसे वाटले. पण ते टिकले नाही. होलोकॉस्ट झालाच नाही, असे सांगण्यासाठी चालवल्या जाणाऱ्या एका नियतकालिकाच्या सल्लागार मंडळावर बार्कर यांचे नाव होते. तिथे टोपणनाव नव्हते, कादंबरी नव्हती, खेळ नव्हता. साठ लाख ज्यूंच्या कत्तलीचे अस्तित्व नाकारणाऱ्यांच्या पंगतीत ते स्वतःच्या नावाने बसले होते. म्हणजे कादंबरीत त्यांनी मुखवटा घातला होता तो पात्राचा नव्हे. आत जे होते तेच बाहेर काढण्यासाठी त्यांना दुसरे नाव लागले, इतकेच. आणि त्याच काळात त्यांच्या घरी गुरुवारी रात्री मित्रमंडळी जमत, खेळ चाले, हसणे चाले. त्या बैठकीतल्या कुणाला आपण कुणाच्या दिवाणखान्यात बसलो आहोत हे कळले नसेल, तर खरे सोंग टेबलावर नव्हते, टेबलाच्या भोवती होते.

या गोष्टीने मला दोन ठिकाणी चावा घेतला. पहिले, माझ्या अभिमानाला. केवळ नाव मुहम्मद अब्दुर्रहमान आहे म्हणून मी ज्याला डोक्यावर घेतले, त्याच्याबद्दल मला काय ठाऊक होते? दुसरी जागा अधिक खोल आहे. आपल्या मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत, फिलस्तीनमध्ये बॉम्ब पडले की हिटलरचे कौतुक करणारे एखादे चित्र हमखास येते. आमच्या नातेवाइकांच्या गटावरही आले होते. मी पाहिले आणि पुढे सरकवले नाही, एवढीच माझी मर्दुमकी. "हे हराम आहे" असे लिहिले नाही. इस्रायलच्या सरकारवर राग असणे वेगळे, आणि ज्यूंच्या मुलांना कोंडून मारणाऱ्याला शाबासकी देणे वेगळे. कोकणातले बेने इस्राएल आपल्यासारखीच मराठी बोलत, घाण्यावर तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. शेकडो वर्षे ते महाराष्ट्रात निर्धास्त राहिले. त्यांच्यापैकी कुणी माझ्या खांद्यावरून तो मोबाइल पाहिला असता, तर मी कोणते तोंड दाखवले असते? बार्कर यांच्या निफाकवर बोट ठेवताना माझ्या गप्प बसण्याला काय नाव द्यावे?

३ मे २०२२ ला पुन्हा ईद आली. दोन वर्षांनी ईदगाह भरली होती. दुपारी भाचा ओसरीवर बसला, पण टेकुमेलची कागदपत्रे त्याने आणली नव्हती. "खेळ टाकून दिला?" मी विचारले. "नाही, पेटीत ठेवलाय," तो म्हणाला. "खेळ चांगला आहे, मामू. तेच मला खुपतं. वाईट माणसाच्या हातून वाईटच झालं असतं तर सोपं होतं."

वर्षभरात त्याने असे बरेच खेळ शोधले होते, जे मोठ्या दुकानांत दिसत नाहीत, छोट्या माणसांनी थोड्या प्रती काढलेले. त्यातल्या दोनांबद्दल त्याने मला सांगितले. 'ग्रे रँक्स' हा जेसन मॉर्निंगस्टार यांचा २००७ मधला खेळ. त्यात खेळणारे होतात १९४४ सालच्या वॉर्सातली पोलिश किशोरवयीन मुले, जी नाझी फौजांविरुद्धच्या उठावात उतरली होती. ते बंड ६३ दिवस टिकले आणि चिरडले गेले, हे आधीच माहीत असते. जिंकायचे नसतेच. आपण कुणाला सोडून पळतो आणि कुणासाठी थांबतो, एवढाच प्रश्न. दुसरा 'डॉग ईट डॉग', लिअम बर्क यांचा, एका बेटावरच्या गुलामगिरीचा. त्यात बसलेल्यांमध्ये जो खरोखर सर्वांत श्रीमंत असेल त्याला परकीय राज्यकर्ता व्हावे लागते, बाकीचे सगळे बेटावरचे रहिवासी. आणि पहिला नियमच असतो की रहिवासी हे राज्यकर्त्यांपेक्षा हीन आहेत. "हे खेळताना हसू येत नाही, मामू. पण उठताना माणूस बदललेला असतो."

म्हणून त्याने या वेळी आपल्या मातीतला खेळ तयार केला होता. साल १९४८, निजामाच्या राज्यातले मराठवाड्यातले एक गाव. पाच चिठ्ठ्या: रझाकार, स्टेट काँग्रेसचा कार्यकर्ता, मशिदीचा मुअज्जिन, कूळ म्हणून राबणारा शेतकरी, आणि सावकाराची विधवा सून. मुलांपैकी कुणालाच रझाकाराची चिठ्ठी नको होती. मी उचलली, आणि तीच निघाली.

आमच्या घरात कुणी रझाकार नव्हता, हे वाक्य मी आयुष्यभर अनेकांना सांगितले आहे. कधी न विचारताही सांगितले आहे. ते खरे आहे. पण त्या दुपारी भाच्याने विचारले, "तुम्ही बंदूक घेऊन सावकाराच्या दारात आहात. दार उघडलंय. सून एकटी आहे. तुम्ही काय करता?" आणि मी म्हणालो, "आधी धान्याची कोठी उघडायला सांगतो." वाक्य किती सहज आले! ते कुठून आले? कुणी मला शिकवले नव्हते. विधवा सून झालेली माझी धाकटी भाची काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. खेळ होता, तरी माझे कान तापले. त्या दिवसापासून "आमच्यात कुणी नव्हता" हे वाक्य माझ्या तोंडून सरळ निघत नाही. मी जागच्या जागी काय होऊ शकतो, हे मला कळले आहे.

अम्मी इतका वेळ तसबीह फिरवत दारात बसली होती. ऐंशीच्या पुढचे वय. ती एकदम म्हणाली, "मेरी भी एक चिठ्ठी थी."

तिने सांगितले ते आम्ही पूर्वी कधी ऐकले नव्हते. सप्टेंबर १९४८ मध्ये, १३ ते १७ तारखेला, भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात आल्या. रझाकारांच्या जुलमातून लोक सुटले, हा इतिहास आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला ऐकतो आणि तो खरा आहे. त्यानंतर गावोगावच्या सामान्य मुसलमानांवर जे गुदरले तेही खरे आहे. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान दिला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे म्हटले. नांदेड आमच्या शेजारचा. अम्मी तेव्हा सात-आठ वर्षांची. शेजारच्या मराठा घरातल्या काकूंनी तिला ओढून आत नेले, कपाळाला कुंकू लावले, हातात हिरव्या बांगड्या चढवल्या आणि सांगितले, "तुझं नाव चंपा. कोणी विचारलं तर चंपा." दारात माणसे आली. विचारले. ती म्हणाली, चंपा. काकू म्हणाल्या, माझ्या भावाची पोर. माणसे गेली. तीन दिवस अम्मी चंपा होती.

"मैं झूट बोली," अम्मी म्हणाली. "उनो भी झूट बोले. बोलो, किसका गुनाह?"

माझा सगळा सिद्धांत त्या एका प्रश्नाने कोसळला. सोंग उघड, ढोंग लपलेले, असे मी म्हणालो होतो. पण ते कुंकू लपवण्यासाठीच होते. त्या काकूंनी शेवटी हसून बिदागी मागितली नव्हती. भाच्याने ज्यासाठी बार्करना दोष दिला, ते खोटे नाव आणि खोटा वेश तिथेही होताच. तरी कुणाची हिंमत आहे त्याला निफाक म्हणायची?

मला अम्मार बिन यासिर आठवले. त्यांच्या आईवडिलांना, सुमय्या आणि यासिर यांना, मक्केच्या सरदारांनी हाल करून मारले. छळ असह्य होऊन अम्मारांच्या तोंडून कुफ्रचे शब्द निघाले. ते रडत पैगंबर साहेबांकडे आले. पैगंबर साहेबांनी त्यांना विचारले की तुझे मन कसे होते. मन ईमानवर शांत होते. तेव्हा त्यांनी त्यांचे अश्रू पुसले. सूरह अन-नहलमधली एकशे सहावी आयत याच प्रसंगाशी जोडली जाते.

तेव्हा वेश उघड होता की लपलेला, हा निकष अपुरा आहे. खोटे नाव कुणाला वाचवण्यासाठी घेतले आणि कुणाला मारायची तयारी करण्यासाठी घेतले, हे पाहावे लागेल. काकूंनी चंपा हे नाव एका परक्या पोरीच्या डोक्यावर छप्पर म्हणून धरले, आणि त्यासाठी स्वतःचे दार धोक्यात घातले. बार्करनी टोपणनाव स्वतःच्या डोक्यावर धरले, आणि त्याच्या आडोशाने आधीच जळून गेलेल्या माणसांवर पुन्हा दगड मारले. दोन्ही ठिकाणी मुखवटाच. पण एकीकडे किंमत घालणाऱ्याने मोजली, दुसरीकडे ती दुसऱ्याच्या माथी मारली. नियत हा शब्द मी इतकी वर्षे मनातला काहीतरी आपलाच गुप्त ऐवज म्हणून वापरत होतो. आता वाटते, नियत बाहेरही दिसते. आपल्या सोंगाची किंमत कोण चुकवतो, तिथे पाहिले की ती दिसते.

भाच्याच्या मूळ प्रश्नाला मी जे उत्तर दिले, ते असे. खेळातल्या पुजाऱ्याचे पाप तुझ्या खात्यावर नाही. पण तो पुजारी होऊन तू जे पाहिलेस, ते तुझ्या खात्यावर आहे. रझाकार होऊन मला माझ्यातला माणूस दिसला. तो पाहून मी पुन्हा डोळे मिटले, तर त्याचा जाब मला द्यावा लागेल.

टेकुमेलचा खेळ त्याने पेटीतून बाहेर काढला आहे. पुण्यातल्या मंडळींसोबत तो अधूनमधून खेळतो, पण दर वेळी सुरुवातीला सांगतो की हे जग कुणी रचले आणि त्याच माणसाने दुसरे काय लिहिले. कुणी उठून गेले तर अडवत नाही. एकदा दोघे उठून गेले, म्हणाला. मी त्याला हे बरोबर की चूक ते सांगितले नाही. मीही माझ्या परीने एक काम केले. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी पुन्हा गेलो आणि मुलांना सांगितले की आधी ज्यांचे नाव मी अभिमानाने घेतले होते, त्यांच्याबद्दल मला अर्धेच ठाऊक होते. उरलेले अर्धेही सांगितले. नातेवाइकांच्या गटावर पुढच्या वेळी ते चित्र आले तेव्हा मी लिहिले. दोघांनी रागाने गट सोडला. एक माझा सख्खा चुलतभाऊ आहे. अजून बोलत नाही.

त्या ईदच्या संध्याकाळी खेळ आवरताना अम्मीने भाच्याकडे रिकामी चिठ्ठी मागितली. तिला लिहिता येत नाही. तिने मला सांगितले आणि मी लिहिले: चंपा. ती चिठ्ठी तिने पानदानात ठेवली. काकूंचे नाव काय होते, हे मी विचारले तेव्हा ती बराच वेळ आठवत राहिली. म्हणाली, "काकूच बोलते थे हम. नाम किसीने पूछा नहीं."